पोषण ट्रॅकर आणि आमचा बीट : यवतमाळच्या सीमेवरचं एक प्रकरण

"सेविकांना मोबाईल जमत नाही" हे वाक्य तालुक्याच्या बैठकांत इतक्या सहज बोललं जातं की ते खरं आहे का, असं कोणी विचारतही नाही. मी यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेलंगणाच्या सीमेलगतच्या एका बीटची पर्यवेक्षिका आहे. पंचवीसच्या आसपास अंगणवाड्या माझ्याकडे आहेत. त्या सांभाळणाऱ्या बायकांनी गेल्या सात-आठ वर्षांत मोबाईलवरचं एक काम शिकावं, ते बंद व्हावं आणि लगेच दुसरं शिकावं, असं कितीदा तरी केलं. शिकवण्याच्या नावाखाली त्यांच्यासाठी जे झालं त्यातलं थोडंच उपयोगी पडलं. ते थोडं कोणतं, हे नीट मांडावं म्हणून हे प्रकरण लिहिते आहे. दुसऱ्या बीटांना, आरोग्य सेविकांना, ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकांना यातलं काही घेता आलं तर बरंच.

बीट आणि माणसं

माझ्याकडची मोठी गावं रस्त्यावर आहेत, बाकी वस्त्या आणि पोड आत. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. बाकीच्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. पोडावर घरात कोलामी बोलतात, बाजारात वऱ्हाडी वळणाची मराठी. शेती कपाशी, तूर, सोयाबीनची आणि बहुतेक कोरडवाहू. दसऱ्यानंतर वेचणी लागली की सकाळी सातला गाव रिकामं होतं. लहान लेकरं एकतर आजीजवळ, नाहीतर धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत. दिवाळीनंतर काही कुटुंबं मजुरीसाठी सीमेपलीकडे जातात. आमचं सगळं काम या वेळापत्रकात बसवावं लागतं. मोबाईलवरची नोंद ही त्याच्याही आत बसवायची गोष्ट.

सेविकांमध्ये सगळ्यात मोठ्या काकू निवृत्तीला टेकलेल्या, सातवी शिकलेल्या. सगळ्यात धाकटी बी. ए. झालेली, लग्न होऊन याच गावात आलेली. दोघींचं काम एकच आणि ॲपही एकच.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तेव्हापासून पुढची चाळीस वर्षं सगळा कारभार कागदावर होता. शेवटी शेवटी ११ नोंदवह्या ठरल्या होत्या : कुटुंबाची माहिती, आहाराचा साठा, आहाराचं वाटप, पूर्वप्राथमिक शिक्षण, गरोदरपण आणि बाळंतपण, लसीकरण, अ जीवनसत्त्व, गृहभेटी, संदर्भ सेवा, वजन आणि महिन्याचा गोषवारा. ८ मार्च २०१८ ला पोषण अभियान सुरू झालं आणि सेविकांच्या हाती पहिल्यांदा सरकारी मोबाईल आला. त्यातलं ॲप हाताला लागेपर्यंत २०२० मध्ये ते बंद झालं. १ मार्च २०२१ ला त्याच्या जागी पोषण ट्रॅकर हे नवं ॲप आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते मोबाईल शासनाला परत केले, कारण त्या फोनवर काम होत नव्हतं. पुढे नवे फोन मिळाले. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायला नारीशक्ती दूत ॲप आलं. आणि १ जुलै २०२५ पासून घरपोच आहार, म्हणजे आमच्या भाषेत टीएचआर, देताना चेहऱ्याची ओळख पटवणं बंधनकारक झालं.

म्हणजे शिकून झालं आणि आता स्वस्थ बसलो, असं एकही वर्ष गेलं नाही.

डायरीतली वाट

पोषण ट्रॅकरचं पहिलं प्रशिक्षण तालुक्याला सभागृहात झालं. पुढे पडदा, पडद्यावर मोबाईलची मोठी केलेली स्क्रीन, माईकवर एक जण भराभर सांगतो आहे आणि खाली तालुकाभरच्या सेविका डायरीत लिहून घेताहेत. मागच्या ओळींना अक्षरं दिसत नव्हती. ज्यांना दिसत होती त्यांचं लॉगिन पडद्यावरच्यासारखं उघडत नव्हतं. दुपारी जेवण झालं, सह्या झाल्या, प्रशिक्षण झालं.

नंतर गृहभेटीला गेले असताना एका सेविकेची डायरी मी पाहिली. सुंदर अक्षरात तिने लिहिलं होतं : "घराचं चित्र. खाली तिसरी ओळ. निळं दाबा. मग वरचं दुसरं. मागे यायचं नाही." अशी चार पानं होती. कोणत्याही पानावर आपण काय भरतो आहोत याचा उल्लेख नव्हता. तिने ती वाट इतकी पाठ केली होती की दोन-तीन महिने तिच्या नोंदी वेळेत जात होत्या आणि कार्यालयाच्या यादीत ती पहिल्या काहींमध्ये असायची.

मग अपडेट आलं. निळं बटण खालून वर गेलं, तिसऱ्या ओळीची पाचवी झाली. सकाळी साडेदहाला तिचा फोन : "मॅडम, काल इथंच होतं, आज दिसूनच नाही रायलं. माया हातून काही पुसल्या गेलं का?" आवाजात रडू होतं. आपल्या बोटाने सरकारी काहीतरी बिघडलं ही भीती किती मोठी असते, ते त्या दिवशी नीट कळलं. तिला वाटत होतं की दंड होईल, मानधन कापलं जाईल.

याच बाईच्या हातून कागदी नोंदवहीचे नमुने तीनदा बदलले होते. रकाने उलटसुलट झाले, नवे आले, जुने गेले, तरी तिचं काम कधी अडलं नाही. कारण प्रत्येक रकाना काय विचारतो आणि का विचारतो, हे तिला ठाऊक होतं. "गरोदर मातेची शेवटच्या पाळीची तारीख" हा रकाना कुठल्याही पानावर असला तरी तिने शोधून काढला असता. मोबाईलवर मात्र तिला जागा शिकवली गेली होती, प्रश्न शिकवला गेला नव्हता. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे. ॲप बदलतं, पण लेकराची उंची, वजन, वय, आई गरोदर आहे की स्तनदा, आज आहार मिळाला की नाही, हे प्रश्न वर्षानुवर्षं तेच आहेत. ज्या बाईला प्रश्न पक्के ठाऊक आहेत तिला बटण शोधायला पाच मिनिटं लागतात. ज्या बाईला फक्त बटणाची जागा ठाऊक आहे, तिचं प्रत्येक अपडेटला सगळं शिक्षण वाया जातं.

दुसरी चूक, जी दिसत नाही

ॲप न उघडणं ही अडचण निदान समोर येते. फोन येतो, कोणीतरी मदत करतं. चुकीचा आकडा भरला जाणं जास्त वाईट, कारण ॲप तो निमूटपणे स्वीकारतं आणि काम झाल्यासारखं वाटतं.

एका पोडावरची सव्वा वर्षाची मुलगी यादीत अचानक 'सॅम' म्हणजे तीव्र कुपोषित दिसू लागली. लगेच विचारणा सुरू झाली : ग्राम बाल विकास केंद्रात का घेतलं नाही, आरोग्य केंद्राला कळवलं का. मी गेले तेव्हा मुलगी अंगणात कोंबडीच्या मागे धावत होती. अंगाने बारीक, पण तरतरीत. वजन ९ किलो. नोंदवहीत उंची ७८ सेंटिमीटर लिहिलेली आणि ॲपमध्ये ८७. आकडे उलटले होते, एवढंच. पण ७८ सेंटिमीटरच्या मुलीचं वजन ९ किलो असेल तर ती सर्वसाधारण श्रेणीत बसते आणि ८७ ला तेच वजन असेल तर ती तीव्र कुपोषित ठरते. जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची वाढ मानकं उंचीच्या मानाने वजन पाहतात. ते प्रमाणाच्या तीन पायऱ्या खाली गेलं की लेकरू सॅम, दोन पायऱ्या खाली गेलं की मॅम, म्हणजे मध्यम कुपोषित.

सेविकेला मी विचारलं, हे भरलं कोणी? ती म्हणाली, "पोरगा भरते मॅडम. म्या सांगतो, तो टाकते." तिचा मुलगा बारावीला होता, मोबाईलवर पटाईत. रात्री जेवण झाल्यावर आई नोंदवही वाचायची आणि तो टाइप करायचा. त्याच्या दृष्टीने ७८ आणि ८७ मध्ये काही फरक नव्हता. आईने स्क्रीन पाहिली असती तर तिच्या तोंडून लगेच निघालं असतं की ही पोरगी माझ्या कमरेलाही लागत नाही, ८७ कशी होईल. पण स्क्रीन तिच्यासमोर कधी येतच नव्हती. चौकशी केल्यावर कळलं की माझ्या बीटमध्ये अशा घरी भरल्या जाणाऱ्या नोंदी बऱ्याच आहेत. कुठे मुलगा, कुठे सून, कुठे पुतण्या. मुलगा शिकायला नागपूरला गेला की त्या अंगणवाडीच्या नोंदी थांबायच्या.

ही मुलगी सुदैवाने चांगली होती. याच्या उलट झालं तर? खरोखर सुकलेल्या लेकराची उंची कमी भरली गेली तर ॲप त्याला हिरव्यात दाखवतं आणि मग त्याच्याकडे कोणी बघत नाही. कुपोषित लेकराला दिवसाला ८०० किलोकॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिनांचा आहार द्यायचा, सर्वसाधारण लेकराला ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात मुळात असं प्रमाण होतं, २०२३ मध्ये ते सुधारलं गेलं. एक आकडा चुकला तर लेकराच्या ताटातला हा फरक जातो. म्हणून तेव्हापासून मी 'डेटा एन्ट्री' हा शब्द बैठकीत वापरणं सोडलं. आपण लेकरू मोजतो आहोत, असंच म्हणते.

सुरुवात काट्यापासून

नवं शिकवणं मोबाईल पिशवीत ठेवूनच सुरू केलं. आधी मोजमाप. दोन वर्षांखालचं लेकरू आडवं निजवून लांबी घ्यायची, दोन वर्षांवरचं उभं करून उंची. एकाच लेकराची आडवी लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटर जास्त भरते, म्हणून ही सरमिसळ चालत नाही.

हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. हात लावला की खरं दिसतं. इन्फंटोमीटरवर, म्हणजे लांबी मोजायच्या फळीवर, लेकरू ठेवलं की ते पहिल्यांदा पाय आखडून घेतं आणि मग रडतं. सेविका एकटी असेल तर डोकं धरेपर्यंत पाय सुटतात, पाय धरेपर्यंत डोकं हलतं. तेव्हा ठरवलं की मदतनीस ताईंनी डोक्याशी बसायचं, दोन्ही तळहातांनी कान झाकतील असं डोकं धरायचं, लेकराची नजर वर. सेविकेने एका हाताने दोन्ही गुडघे हलकेच दाबायचे आणि दुसऱ्या हाताने पायाकडची फळी टाचांना लावायची. आकडा मोठ्याने वाचायचा, मदतनीस ताईंनी तो परत म्हणायचा आणि मगच लिहायचा. पोडावरच्या मदतनीस ताई लेकराशी कोलामीत बोलत राहतात. त्याने रडणं निम्मं होतं. वजनाच्या वेळी हातातलं कडं, कमरेचा करगोटा आणि जाड कपडे काढायचे. सारवलेल्या जमिनीवर काटा डुगडुगतो आणि आकडा स्थिर होत नाही, म्हणून एका सेविकेने शहाबादी फरशीचा तुकडा आणून भिंतीशी पक्का बसवला. आता बहुतेक ठिकाणी तशी फरशी आहे.

मोजून झालं की ॲप उघडायच्या आधी सेविकेने सांगायचं : हे लेकरू कशात येईल? डोळ्यांनी पाहून आणि दंडाची पट्टी लावून. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर सॅम, ११.५ ते १२.५ च्या मध्ये असेल तर मॅम. हा तिचा अंदाज वहीत लिहायचा आणि मग आकडे ॲपमध्ये टाकायचे. दोन्हींचं जुळलं तर पुढचं लेकरू. जुळलं नाही तर आधी टाइप केलेले आकडे बघायचे, मग परत मोजायचं. दंडाचा घेर आणि उंचीच्या मानाने वजन ही मापं वेगळी आहेत, त्यामुळे ती कधी कधी खरोखरच जुळत नाहीत. तेव्हा लेकरू आरोग्य केंद्रात दाखवायचं.

या एका सवयीने फार फरक पडला. आधी ॲप सांगायचं आणि सेविका ऐकायची. आता सेविका आधी सांगते आणि ॲप तिला दुजोरा देतं किंवा शंका घेतं. वीस-पंचवीस वर्षं लेकरं पाहिलेल्या बाईच्या नजरेला त्यामुळे पुन्हा किंमत आली. मोठ्या काकू, ज्या प्रशिक्षणात मागच्या ओळीत मान खाली घालून बसायच्या, त्यांचा अंदाज क्वचितच चुकतो हे सगळ्यांनी पाहिलं. एकदा त्या ॲपला म्हणाल्या, "आता सांग, म्या काय म्हटलं होतं!" आणि सगळ्या हसल्या. त्यानंतर काकूंनी मोबाईलला घाबरणं सोडलं.

गटात शिकणं

सगळ्यांना एकत्र बोलावून शिकवणं मी बंद केलं. चार-पाच अंगणवाड्यांचा एक गट, चालत किंवा एका ऑटोत येता येईल इतक्या अंतरावरचा. लेकरं घरी गेल्यावर दुपारी कोणाच्या तरी अंगणवाडीत बसायचं. प्रत्येकीने आपला मोबाईल, आपली नोंदवही आणि आपलं अडलेलं काम घेऊन यायचं. खोट्या नावांवर सराव करायचा नाही. अडलेलं एक काम उठताना पूर्ण झालेलं असलं पाहिजे.

गटात एकच नियम कडक ठेवला : ज्याचा मोबाईल त्याच्याच हातात. धाकट्या सेविकांना सवय असते, "आण ताई, मी करून देते" म्हणत फोन ओढून घ्यायचा आणि टकाटक करून परत द्यायचा. काम होतं, पण शिकायचं राहून जातं. तेव्हा सांगणारीने तोंडाने सांगायचं, बोट दुसरीचंच चालायचं. पहिल्या काही बैठकांत धाकट्यांना हे फार जड गेलं. त्यांना थांबवत नव्हतं. मग त्यांच्या लक्षात आलं की "ते वरचं दाब" असं सांगून चालत नाही, "आपल्याला आता आईची माहिती पाहिजे, ती कुठं असंल?" असं विचारावं लागतं. शिकवता शिकवता त्यांचंही पाठांतर सुटलं.

आणि देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. बी. ए. झालेल्या धाकटीला एका लेकराची जन्मतारीख मिळत नव्हती. आई सांगत होती "पोळ्याच्या नंतर झालं." काकूंनी विचारलं, तान्हा पोळा झाला होता का, महालक्ष्म्या बसल्या होत्या का, सोयाबीनला शेंगा भरल्या होत्या का. दहा मिनिटांत त्यांनी आठवडा सांगितला आणि नंतर दवाखान्याच्या कार्डावरची तारीख त्यातच निघाली. वय महिन्याने चुकलं तर वयानुसार उंची आणि वयानुसार वजनाच्या श्रेण्याही चुकतात, हे धाकटीला पुस्तकातून माहीत होतं. वय असं काढतात, हे ती काकूंकडून शिकली.

लाडक्या बहिणीचे अर्ज

जुलै २०२४ मधला अनुभव इथे सांगितलाच पाहिजे, कारण "मोबाईल जमत नाही" या वाक्याला त्यात उत्तर आहे. नारीशक्ती दूत ॲपसाठी आमच्याकडे सभागृह झालं नाही, पडदा लागला नाही. अंगणवाडीपुढे बायकांची रांग लागली आणि सेविकांनी शिकून घेतलं. आधारचा फोटो कसा काढायचा म्हणजे अक्षर वाचता येतं, फाईल मोठी असली तर काय करायचं, ओटीपी आला नाही तर किती वेळ थांबायचं, रात्री उशिरा अर्ज लवकर कसे जातात, हे त्यांनी एकमेकींना फोनवर सांगितलं. एका अर्जामागे ५० रुपये ठरले होते, तेही कारण होतंच आणि त्यात काही वावगं नाही. पण समोरच्या बाईच्या खात्यात महिन्याला १५०० रुपये येणार, हे डोळ्यांसमोर होतं. आपण भरलेल्याचं पुढे काय होतं, हे दिसत होतं.

पोषण ट्रॅकरमध्ये भरलेलं कुठे जातं, हे कोणी सेविकेला दाखवत नाही. मग मी दाखवायला लागले. गटाच्या बैठकीत त्यांच्याच नोंदींवरून सांगायचं : या तीन लेकरांचं वजन दोन महिने वाढलेलं नाही, हे एक मॅममधून बाहेर आलं, या पोडावर पाचही लेकरं बुटकी आहेत, तिथल्या बाळंतपणांकडे पाहू. ज्या दिवशी एका सेविकेने आपल्या मोबाईलवरचा एका लेकराच्या वजनाचा चढता आलेख त्याच्या आईला दाखवला, त्या दिवसापासून तिच्या नोंदींबद्दल मला आठवण करून द्यावी लागलेली नाही.

चेहरा आणि ओटीपी

१ जुलै २०२५ चं काम सगळ्यात अवघड होतं, कारण ते एकट्या सेविकेच्या हातात नव्हतं. आधी आधारवरून पडताळणी, त्यासाठी आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी, मग चेहऱ्याचा फोटो, आणि दर वाटपाला पुन्हा चेहरा. तीन वर्षांखालच्या लेकराच्या आहारासाठी आईचा किंवा पालकाचा चेहरा. बाईच्या आधारला जोडलेला नंबर बहुतेक वेळा नवऱ्याचा. नवरा शेतात, नाहीतर सीमेपलीकडे मजुरीला. कोणाचा नंबर रिचार्ज न केल्याने बंद. कोणाला आपला कोणता नंबर जोडला आहे तेच माहीत नाही.

यात ॲप शिकवून काही होणार नव्हतं. पहिलं काम कागदावर केलं. प्रत्येक सेविकेने लाभार्थ्यांची यादी काढून चार गोष्टी लिहिल्या : आधार आहे का, नंबर कोणाचा, तो चालू आहे का, तो माणूस घरी कधी असतो. लाडक्या बहिणीच्या अर्जांमुळे यातलं बरंच त्यांना आधीच ठाऊक होतं. ज्यांचा नंबर बदलायचा होता अशा बायकांना बाजाराच्या दिवशी सोबत आधार केंद्रावर नेलं, कारण त्या दिवशी तसंही गाडी तालुक्याला जाते. नवरा बाहेरगावी असेल तर फोनवर ओटीपी विचारायची वेळ आधीच ठरवली. आणि कोणी अनोळखी माणसाने ओटीपी विचारला तर द्यायचा नाही, हेही त्याच बैठकीत बायकांना सांगितलं. ओटीपी सांगायची सवय आपणच लावतो आहोत, तर ही जबाबदारीही आपलीच.

वाटपाची वेळ बदलली. वेचणीच्या दिवसांत सकाळी सातच्या आत किंवा सांजच्याला. एका पोडावर रेंज फक्त शाळेमागच्या चढावर मिळते. तिथे आया लेकरं कडेवर घेऊन उभ्या राहतात आणि सेविका एकेकीचा चेहरा घेते. दुपारच्या उन्हात फोटो जुळत नाही, पदर कपाळावर आलेला असला तरी जुळत नाही, सावलीत पटकन जुळतो. असल्या बारीक गोष्टी मला सेविकांनी सांगितल्या.

एका बाबतीत मात्र मी सेविकांना स्पष्ट सांगितलं आहे. चेहरा जुळला नाही म्हणून आईला नुसतं परत पाठवायचं नाही. नाव, कारण आणि वेळ वहीत लिहायची, मला त्याच दिवशी कळवायचं, मी वर कळवते. आहार हा लेकराचा कायद्याने दिलेला हक्क आहे. यंत्राला ओळख पटली नाही याची शिक्षा त्याला होता कामा नये, हे माझं ठाम मत आहे.

अपडेटची रीत

आता अपडेट आलं की सगळ्या जणी एकदम करत नाहीत. प्रत्येक गटातली एक जण आधी करते, आणि ही पाळी फिरती असते, म्हणजे नेहमी धाकटीवरच पडत नाही. वाटपाच्या दिवशी आणि महिनाअखेरीला अपडेटला हात लावायचा नाही. आधी भरलेलं सगळं वर गेलं आहे ना, ते पाहायचं. मोबाईलमध्ये जागा करायची. बहुतेक वेळा शुभ सकाळचे फोटो आणि कीर्तनाचे व्हिडिओ काढले तरी पुरते. मग तिने आपले नेहमीचे प्रश्न घेऊन ॲपमध्ये हिंडायचं : हजेरी कुठे, मोजमाप कुठे, वाटप कुठे, नवीन लाभार्थी कुठे. काय हललं ते तिने गटाच्या व्हॉट्सॲपवर आपल्या बोलीत, आवाजात टाकायचं. बाणांनी भरलेल्या स्क्रीनशॉटपेक्षा हे जास्त चालतं. "ताईहो, वजनाचं खाली गेलं नाही, ते लेकराच्या नावाच्या आत घातलं, घाबरू नोका" असा अर्ध्या मिनिटाचा निरोप ऐकला की बाकीच्यांची धडधड थांबते.

मला येणारे फोन बदलले. पूर्वी "मॅडम, बटण कुठं गेलं" असे असायचे. परवा एकीचा आला : "मॅडम, ह्या लेकराची उंची मागच्या महिन्यापेक्षा कमी भरून रायली. तेव्हा चुकलं का आता? म्या उद्या मदतनीस ताईले घेऊन परत मोजतो." मी फक्त हो म्हटलं.

जे सुटलेलं नाही

नोंदवही आणि ॲप अशी दुहेरी लिखापढी अजून चालूच आहे. रेंज जाते म्हणून नोंदवही सोडता येत नाही आणि वरून विचारणा होते म्हणून ॲप सोडता येत नाही. गटाच्या बैठका सेविका आपल्या वेळेतून करतात. त्या दुपारचा प्रवासखर्च कोणत्याही शीर्षाखाली बसत नाही. तो बसवला पाहिजे. सभागृह, पडदा आणि जेवणावर जो खर्च होतो त्यातला थोडा जरी गटांकडे वळला तरी पुष्कळ होईल. काही मोबाईलच्या काचा फुटल्या आहेत, बॅटऱ्या दुपारपर्यंत उतरतात. दोन अंगणवाड्यांत अजूनही घरचं माणूसच भरतं. त्या सेविकांच्या डोळ्यांचा त्रास खरा आहे, त्यांना चष्म्यासाठी तपासणीला पाठवायचं आहे. स्थलांतर करून गेलेल्या कुटुंबांची लेकरं तिकडच्या अंगणवाडीत दाखल झाली का, हे ॲपमध्ये सोय असूनही दरवेळी कळत नाही. तिकडच्या सेविकेचा फोन नंबर मिळवून बोलणं हाच आजही खात्रीचा मार्ग आहे. सीमेपलीकडच्या काही सेविकांशी आमच्या दोघी-तिघी हिंदी-तेलुगू मिसळून बोलतातही.

काकू लवकरच निवृत्त होतील आणि त्यांच्या जागी नवी सेविका येईल. ती बारावी झालेली असेल, मोबाईल सफाईने चालवणारी असेल. तिला पहिले काही आठवडे ॲपचं लॉगिन मिळालं नाही तरी चालेल, असं मी प्रकल्प कार्यालयाला लिहून कळवलं आहे. तोवर तिने काकूंसोबत काट्यापाशी बसावं, पोडावरची घरं फिरावीत आणि प्रत्येक लेकराबद्दल आधी आपला अंदाज सांगावा. काकूंनीही निवृत्तीनंतर महिन्यातून एक दुपार गटात येण्याचं कबूल केलं आहे. त्यांच्या जाण्यायेण्याच्या भाड्याचं काय करायचं, ते पुढच्या मासिक सभेत ठरवायचं आहे.